सेन्सर तिसऱ्यांदा बदलू का?

पुरंदर तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आहे. नाव, गाव आणि गाडीचं मॉडेल त्यांच्या विनंतीवरून वगळलं आहे. वय एकोणतीस. वडिलांनी २०१७ साली घेतलेली पेट्रोल-सीएनजी छोटी मालगाडी आता ते स्वतः चालवतात. सीताफळ, अंजीर, फुलं, हंगामात जे असेल ते पहाटे दिवे घाट उतरून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचवायचं आणि येताना मिळालं तर भाडं घेऊन यायचं, असा त्यांचा धंदा आहे. गेल्या दिवाळीपासून गाडीचा चेक लाईट लागतो. स्कॅनर लावला की दर वेळी एकच कोड येतो, पी ०१३१, पुढचा ऑक्सिजन सेन्सर. वडिलांच्या मित्राचं गॅरेज आहे, त्यांना ते काका म्हणतात. त्यांनी पुढचा सेन्सर बदलला, चार-पाच दिवसांत लाईट परत आला. मग या वाचकांनी व्हिडिओ बघून स्वतःच दुसरा सेन्सर ऑनलाइन मागवला आणि बसवून घेतला. लाईट परत. शेवटी मागचा सेन्सरही बदलून झाला. अकरा हजारांच्या वर खर्च झालाय, ॲव्हरेज उतरलंय, यार्डाच्या गेटवर रांगेत उभं असताना इंजिन थरथरतं. शहरातल्या एका गॅरेजने ईसीएमच, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरच, बदलायला सांगितलं आहे. मेहुणे म्हणतात, मीटरमधला दिवाच बंद करून टाक, नाहीतर गाडी विक. वडील म्हणतात, माझ्या मित्रावर सोड. वाचक विचारतात: "मशीन तर सेन्सरच खराब आहे असं सांगतंय. मग तीन सेन्सर घालूनही लाईट का जात नाही? काका आम्हाला फसवतायत का? (हेडचं कामही त्यांनीच दिवाळीच्या तोंडावर केलं होतं, ते चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही.) पासिंग जवळ आलंय. गाडी ठेवू की विकू?"

तुमचे सगळे प्रश्न एका वाक्यावर उभे आहेत: मशीन सांगतंय की सेन्सर खराब आहे. आधी तेवढं वाक्य तपासून घेऊ, कारण मशीनने तसं सांगितलेलंच नाही.

पी ०१३१ चा अर्थ इतकाच, की पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीवरचं व्होल्टेज फार वेळ फार खाली राहिलं. तुमच्या गाडीतला सेन्सर साध्या जातीचा, चार वायरींचा असणार. त्यातल्या एकाच रंगाच्या दोन वायरी त्याला गरम करणाऱ्या हीटरच्या असतात, उरलेल्या दोनांतून सिग्नल जातो. सेन्सर तापला की त्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सारखं वर-खाली होत राहतं. धुरात ऑक्सिजन उरला असेल, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी, तर खाली. ऑक्सिजन संपला असेल तर वर. त्याकडे बघून ईसीएम इंधन वाढवतो, कमी करतो. हे वर-खाली होणं थांबलं आणि आकडा तळाशी बसून राहिला की कोड पडतो. तो का बसला, हे ईसीएमला ठाऊक नसतं. त्याला फक्त एका वायरीवरचा आकडा दिसतो.

आकडा तळाशी बसायची कारणं ढोबळमानाने तीन. सेन्सर मेला. किंवा सेन्सर ठीक आहे पण त्याची सिग्नलची वायर कुठेतरी घासून बॉडीला लागली. किंवा सेन्सर आणि वायर दोन्ही ठणठणीत आहेत आणि सेन्सरच्या टोकापाशी खरोखरच जास्त ऑक्सिजन येतोय. तुम्ही पहिल्या कारणावर दोनदा पैसे घातलेत. दुसऱ्या आणि तिसऱ्याकडे कोणी बघितल्याचं तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. रात्री शेतात कोणीतरी शिरलं म्हणून राखणदार ओरडला, त्यालाच कामावरून काढलं. नवा ठेवला, तोही त्याच रात्री ओरडला. आता तिसरा शोधायच्या आधी शेताकडे एक चक्कर मारायला काय हरकत आहे?

मागच्या सेन्सरचं तर या कोडशी काही देणंघेणंच नाही. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतोय का, हे बघणं हे त्याचं मुख्य काम. तो बदलायचा सल्ला ज्याने दिला, त्याने कोड वाचलाच नव्हता असं मी म्हणेन.

आता काकांबद्दल. दुसरा सेन्सर तुम्ही स्वतः मागवलात, हे तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे जो अंदाज त्यांनी बांधला, तोच तुम्हीही बांधलात. फसवायचंच असतं तर त्यांनी तुम्हाला ऑनलाइन सेन्सर मागवू दिला नसता, आपल्याकडचाच गळ्यात मारला असता. बहुतेक छोट्या गॅरेजांत स्कॅनर असतो तो कोड वाचायला आणि डिलीट मारायला. त्याच स्कॅनरमध्ये चालू इंजिनाचे आकडे दिसतात, तो पडदा उघडलाच जात नाही, कारण तो बघायला वीस मिनिटं इंजिन चालू ठेवून शांत बसावं लागतं आणि बाहेर चार गाड्या खोळंबलेल्या असतात. हा दोष आहे, मी त्यावर पांघरूण घालत नाही. पण फसवणूक वेगळी.

तुमच्या पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. हेडचं काम दिवाळीच्या तोंडावर झालं आणि लाईट दिवाळीपासून लागतोय. तुम्ही हे दोन्ही लिहिलंत, पण शेजारी-शेजारी लिहिलं नाहीत.

हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवताना काय काय सुटतं ते आठवा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा पाइप, सुटतो, त्याचं पॅकिंग निघतं. पुढचा ऑक्सिजन सेन्सर सहसा तिथेच किंवा तिथून हातभर खाली असतो, त्याचा कपलर (वायर जोडायचा प्लग) काढून वायर बाजूला करावी लागते. हवा आत नेणारा इंटेकचा मॅनिफोल्ड आणि त्याचे बारीक व्हॅक्यूम पाइप निघतात. इंजिनाची अर्थिंगची पट्टी निघते. मग सगळं परत बसवताना कुठे जुनंच पॅकिंग पुन्हा लागतं, कुठे एखादा स्टड तुटलेला असतो आणि "बाकीचे धरतील" म्हणून सोडून दिला जातो, कुठे पॅकिंगला जास्तीची सिलिकॉन पेस्ट फासली जाते. हेडचं काम उत्तम होऊनही यातलं एखादं राहू शकतं. इंजिन पाणी खात नाही, तेल खात नाही, पिकअप परत आला, म्हणून तुम्ही म्हणता काम चांगलं झालं, आणि ते खरंही आहे.

मला पहिला संशय मॅनिफोल्डच्या पॅकिंगचा येतो. पैज लावणार नाही, पण सुरुवात तिथून करेन. यात एक गंमत आहे, ती कळली की अर्धं कोडं सुटतं. सगळ्यांना वाटतं, सायलेन्सरच्या पाइपातून धूर बाहेरच जाणार, फट असली तर धूर बाहेर येईल, हवा आत कशी जाईल? पण धूर एकसारखा वाहत नसतो. प्रत्येक सिलिंडरचा एक-एक धक्का येतो, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपात क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. इंजिन हळू चालत असताना धक्के लांब-लांब पडतात, म्हणून हे आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना, जास्त होतं. तुमचा त्रास कुठे होतो? यार्डाच्या रांगेत. घाटात तुम्ही गाडी ओढत असता तेव्हा त्रास झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही.

आत आलेली ही हवा सेन्सरपुढून जाते. त्यात ऑक्सिजन भरपूर. सेन्सर प्रामाणिकपणे सांगतो, इथे ऑक्सिजन आहे. ईसीएम समजतो, इंधन कमी पडतंय, आणि इंधन वाढवत जातो. इंजिनला मुळात काही कमी नव्हतं, त्यामुळे आता त्याला जास्त होतं. ॲव्हरेज उतरतं, आयडलिंगला थरथर येते, आणि कन्व्हर्टरवर ताण पडतो. पॅकिंगसाठी केलेला आळस पुढे कन्व्हर्टरच्या किमतीला जाऊ शकतो, म्हणून हे लांबवू नका.

हे तपासायला खर्च नाही. उद्या पहाटे गाडी सुरू करताना, गार इंजिनला, सीट उचलून कान द्या. बारीक टिक-टिक-टिक येते का? पुष्कळ जण तो टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा, आवाज समजतात. टॅपेटचा आवाज साधारण गाडी गरम झाली तरी राहतो. मॅनिफोल्डची फट लोखंड तापून फुगलं की बरेचदा बंद होते आणि आवाज जातो. इंजिन गार असतानाच टॉर्च घेऊन मॅनिफोल्ड आणि हेडच्या जोडावर काळी काजळी दिसते का बघा. सीएनजीवरच्या गाडीत काजळी फार धरत नाही, त्यामुळे नसली म्हणून निर्धास्त होऊ नका. दुसरं, कोणाला तरी मागे उभं करून ओल्या जाड फडक्याने सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाबायला सांगा, तेव्हा पुढे फुस्स ऐकू येतं का पाहा. हे गार इंजिनालाच करा, आणि बंद शेडमध्ये नको. मॅनिफोल्डपासून सेन्सरपर्यंतचा भाग महत्त्वाचा. सेन्सरच्या बऱ्याच मागे, शेपटाकडे कुठे भोक असेल तर ते आवाजाचं कारण, या कोडचं नाही.

दुसरी तपासणी तुमच्या डॅशबोर्डच्या कप्प्यातच पडलेली असेल: पीयूसीची पावती. त्यावर सीओ (कार्बन मोनॉक्साइड, इंधन अर्धवट जळलं की होणारा वायू) आणि एचसीचे (न जळलेल्या इंधनाचे) आकडे छापलेले असतात. पीयूसी केंद्रातलं यंत्र म्हणजे धुराचं विश्लेषण करणारं चांगलं यंत्रच, आपण त्याचा उपयोग फक्त स्टिकरपुरता करतो. कोड म्हणतोय की धुरात ऑक्सिजन जास्त, म्हणजे इंधन कमी. इंधन खरंच कमी असतं तर सीओ नगण्य यायला हवा. कोड इंधन कमी म्हणतोय आणि पावतीवर सीओ मात्र वर आहे, अशी विसंगती दिसली तर समजा की इंजिन इंधन जास्तच खातंय आणि सेन्सरला कोणीतरी, बाहेरची हवा किंवा खराब वायर, चुकीचं दाखवतंय. पावती लाईट लागण्याआधीची असेल तर पुन्हा तपासून घ्या. पीयूसीवाल्याला सांगून पेट्रोलवर आणि गॅसवर दोन्ही आकडे काढून घेतलेत तर उत्तम.

पेट्रोल आणि गॅस ही तुमच्याकडे असलेली मोठी सोय आहे, जी नुसत्या पेट्रोलच्या गाडीवाल्याला नसते. कोड डिलीट करून दोन-तीन दिवस शक्य तितकी पेट्रोलवर चालवा. खर्च होईल, छोट्या टाकीमुळे कटकटही होईल, पण उत्तर मिळेल. पेट्रोलवर लाईट येतच नाही आणि गॅसवर येतो, असं निघालं तर मॅनिफोल्ड सोडा आणि गॅसच्या बाजूला जा: गॅसचा फिल्टर, प्रेशर रेग्युलेटर, गॅसचे इंजेक्टर. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल थोडं-थोडं येत राहतं आणि ते फिल्टरमध्ये साठतं. आठ वर्षांत तो एकदाही बदलला नसेल तर कोडशी संबंध असो वा नसो, बदलाच. दोन्ही इंधनांवर लाईट येत असेल तर दोघांना सामाईक ते बघा: पॅकिंग, व्हॅक्यूमचे पाइप, वायरी.

एक धोक्याची सूचना इथेच. दिवा स्थिर असेल तर गाडी चालवत राहिलात तरी चालतं. दिवा लुकलुकायला लागला तर ते जोरदार मिसिंगचं, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याचं, लक्षण असतं. तेव्हा गाडी बाजूला घ्या. न जळलेलं इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो.

स्कॅनर. तुमची गाडी बीएस-४ आहे, स्टेअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असणारच. मोबाईलला ब्लूटूथने जोडला जाणारा साधा अडॅप्टर घ्या, महागडा नको. त्यावर तीन गोष्टी बघा. एक, फ्रीझ फ्रेम. कोड पडला त्या क्षणी इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांवर होतं, किती गरम होतं, गाडीचा वेग किती होता, हे ईसीएमने टिपून ठेवलेलं असतं. वेग शून्य आणि फेऱ्या आठशेच्या आसपास निघाल्या तर आयडलिंगचा माझा अंदाज पक्का होतो. काकांच्या गॅरेजात कोड डिलीट करताना ही नोंद दर वेळी पुसली गेली आहे, तेव्हा पुढच्या वेळी लाईट लागला की आधी हा पडदा फोनमध्ये टिपून घ्या, मग डिलीटची भाषा. दोन, फ्युएल ट्रिम. ईसीएम मूळ हिशेबापेक्षा किती टक्के इंधन वाढवतोय किंवा कापतोय, त्याचा हा आकडा. शॉर्ट आणि लाँग असे दोन असतात, त्यांची बेरीज अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. आयडलिंगला पंचवीसवर आणि अडीच हजार फेऱ्यांवर रेस केल्यावर पाच-सातवर येत असेल, तर कुठेतरी हवा शिरतेय: इंटेकला किंवा एक्झॉस्टला. या दोहोंतलं कोणतं, ते ठरवायला वरची सीओची पावती कामी येते. उलट आयडलिंगला ठीक आणि चढाला वाढत असेल तर इंधनच कमी पोचतंय, मग फिल्टर आणि प्रेशर.

तीन, सेन्सरचाच आकडा, आणि इथे सेन्सरची खरी परीक्षा होते. गरम इंजिनावर, पेट्रोलवर चालू असताना, इंटेकचा एक बारीक व्हॅक्यूम पाइप काढा: आकडा ०.२ च्या खाली जायला हवा. मग इंधन जास्त होईल असं काही करून आकडा ०.८ च्या वर उडी मारतो का ते पाहायचं. गॅरेजात यासाठी इंटेकमध्ये थोडा कार्ब क्लीनर फवारतात. हा भाग काकांकडूनच करून घ्या, स्वतः करू नका, कारण तो स्प्रे पेट घेतो आणि तुमच्या गाडीत गॅसची टाकी आहे. दोन्ही वेळा सेन्सरने झटकन उत्तर दिलं तर सेन्सर उत्तम आहे, त्याला पुन्हा हात लावायचा नाही. एकदाही हलला नाही तर इंजिन बंद करून, चावी ऑन ठेवून कपलर सोडवा आणि स्कॅनर बघा. बहुतेक गाड्यांत सुटलेल्या वायरीवर ईसीएम स्वतःहून ०.४५ च्या आसपास व्होल्टेज दाखवतो. ते दिसलं तर ईसीएमपर्यंतची वायर कुठे अर्थ झालेली नाही. कपलर सुटूनही शून्यच राहिलं तर बहुधा वायर वाटेत कुठेतरी अर्थ झाली आहे, आणि मग चौथा सेन्सर घातलात तरी काहीही होणार नाही.

या शेवटच्या तपासणीवरून ईसीएमचा निकालही लागतो. शहरातल्या ज्या गॅरेजने ईसीएम बदलायला सांगितलं, त्यांना एवढंच विचारा: कपलर काढून आकडा पाहिला होता का? उत्तर गुळमुळीत आलं तर तिथून निघा. ईसीएम खराब होतो, नाही असं नाही, पण फ्यूज, अर्थिंग, वायर आणि कपलर तपासून संपल्यावर त्याचा नंबर लागतो. तुमच्यासारख्या गाडीत इंजिन सीटखाली असतं. पाण्याचा फवारा मारून धुतलं की कपलरांत पाणी जातं, उंदीर वायरी कुरतडतात, आणि पुढे कोणीतरी रिव्हर्सचा भोंगा आणि रंगीत दिवे जोडायला मिळेल ती वायर सोलून घेतो. आधी ते बघा.

वायरीविषयी थोडकी गोष्ट, जी पुष्कळ इलेक्ट्रिशियननाही ठाऊक नसते. या सेन्सरला आतल्या धुराची तुलना बाहेरच्या स्वच्छ हवेशी करावी लागते, आणि बऱ्याच सेन्सरांत ती हवा वायरींच्या तारांमधल्या फटींतूनच आत जाते. म्हणून सेन्सरच्या वायरीला डाग देऊन वर टेप गुंडाळणं, कपलरमध्ये ग्रीस किंवा सिलिकॉन भरणं, या 'पक्क्या' कामांनी चांगला सेन्सरही गुदमरतो. ऑनलाइन आलेला सेन्सर तुमच्या गाडीच्या कपलरचा होता, की वायरी कापून जोडला? जोडला असेल तर शंका घ्यायला जागा आहे. नक्कल केलेला मालही या सेन्सरांत पुष्कळ येतो. गाडीतून पहिल्यांदा काढलेला मूळ सेन्सर काकांच्या गॅरेजात डब्यात पडलेला असेल, तो मागून घ्या. त्याच्यावर खोटा आरोप झाला असण्याची शक्यता मला जास्त वाटते. टोकावर पांढरी पूड दिसली तर मात्र तो सिलिकॉनच्या पेस्टने खराब झालाय असं धरा, आणि हेडच्या कामात कोणती पेस्ट लावली ते विचारा. सेन्सरला न बाधणारी पेस्ट मिळते, डब्यावर तसं लिहिलेलं असतं.

दिवा बंद करायच्या मेहुण्यांच्या सल्ल्याबद्दल फार लिहीत नाही. चावी फिरवली की हा दिवा क्षणभर लागायला हवा, लागला नाही की पासिंगला बघणाऱ्याला लगेच कळतं. कोड डिलीट करून पासिंगला जाण्याची युक्तीही तेवढीच पोकळ आहे: असे बरेच कोड सलग दोन वेळा गाडी चालवताना बिघाड दिसला की दिवा लावतात, म्हणून डिलीटनंतर एक-दोन दिवस शांतता असते, पण धूर काही सुधारलेला नसतो. गाडीला आठ वर्षं उलटली, आता पासिंग दर वर्षी करावं लागेल. दर वर्षी लपवाछपवी करत बसण्यापेक्षा एकदा बिघाड शोधणं स्वस्त. गॅसच्या टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झालीय का, तेही याच निमित्ताने बघून ठेवा, ऐन वेळी त्यावरच अडतं.

विकावी का? आत्ता नको. तुमची गाडी चालते, घाट चढते, हेडचं काम नुकतंच झालंय, म्हणजे मोठा खर्च तुम्ही करून बसलात आणि त्याचा फायदा पुढच्या मालकाला देणार. दिवा लागलेली गाडी घेणारा, ईसीएम गेलाय असं धरूनच भाव पाडतो. दिवा विझवून विकलीत तर त्याचा स्कॅनर त्याला लगेच सांगेल की कोड नुकतेच पुसलेत. बिघाड सापडल्यावर, दोन हंगाम काढून, मोठी गाडी हवी म्हणून विकलीत तर गोष्ट वेगळी. तो धंद्याचा निर्णय आहे, वैतागाचा नाही. एका परिस्थितीत मात्र मी विकायला सांगेन: कन्व्हर्टर गेलेला, हेड पुन्हा उतरवायची वेळ आणि खालची चासी गंजलेली, असं सगळं एकदम निघालं तर. तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही.

ज्यांच्याकडे गॅस नाही, नुसत्या पेट्रोलची जुनी गाडी आहे, त्यांनाही वरचं जवळजवळ सगळं लागू आहे. डिझेलवाल्यांनी यातलं काही करू नये. बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत वेगळे सेन्सर असतात, त्यांचे आकडे आणि परीक्षा वेगळ्या. आणि पी ०१३५ असा कोड आला असेल तर तो त्याच सेन्सरच्या हीटरच्या सर्किटचा, तिथे पॅकिंग शोधत बसू नका, सरळ फ्यूज आणि वायरीपासून सुरू करा. तुमच्या गाडीतही मधेच पी ०१३१ ऐवजी पी ०१७१ (हवेच्या मानाने इंधन कमी) दिसला तर गोंधळू नका. आत हवा शिरण्याच्या त्याच बिघाडाला तोही कोड पडू शकतो.

राहिले काका. अवघड भाग हाच आहे, कारण संशय त्यांच्याच कामाकडे बोट दाखवतोय आणि मध्ये वडिलांची मैत्री आहे. वडिलांना बरोबर घेऊन जा, पण गिऱ्हाईक असतील अशा वेळी नको, दुपारी जेवणानंतर जा. "तुमच्या हेडच्या कामामुळे झालंय" असं म्हणू नका, कारण ते अजून तुम्हालाही माहीत नाही. फ्रीझ फ्रेमचा फोटो, पीयूसीची पावती समोर ठेवा आणि म्हणा, काका, लाईट आयडलिंगलाच येतो, मॅनिफोल्डला कुठे हवा घेते का ते एकदा बघू या. आकडे समोर आले की चांगला फिटर वाद घालत नाही, त्याचा हात आपोआप पान्याकडे जातो. वाद घातलाच, बघायलाच नकार दिला, तर दुसरीकडे जायला तुम्ही मोकळे आहात, आणि वडिलांनीही ते पाहिलेलं असेल. पॅकिंग नवं घालायचं ठरलं तर स्टडही सगळे तपासून घ्या, जोड सपाट आहे का ते पट्टी लावून बघायला सांगा, आणि मॅनिफोल्डला तडा नाही ना, तेही.

काम झालं की कोड डिलीट करा, आठवडाभर यार्डाच्या फेऱ्या करा आणि रोज संध्याकाळी फ्युएल ट्रिम आणि पेंडिंग कोड बघा. दिवा लागण्याआधी कोड पेंडिंगमध्ये दिसतो. पॅकिंगचे पैसे तुम्ही द्या. मजुरी काका घेणार नाहीत असा माझा अंदाज आहे, घेतली तर तीही द्या, आणि मूळ सेन्सर चांगला निघाला तर ऑनलाइनवाला काढून तोच परत बसवून घ्या.